सामायिक संगणकावर अलीकडच्या फाइलींची यादी झाकून कशी ठेवावी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील लहान कचेऱ्यांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. वकील, नोटरी, कर सल्लागार, पतसंस्था अशा ठिकाणी एकाच संगणकावर दोघे-तिघे आळीपाळीने बसतात आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत पक्षकार किंवा ग्राहक बसलेला असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कचेरीत एक गृहस्थ विक्रीखताचा मसुदा तपासायला आले होते. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एक असते आणि आधार कार्डावर दुसरे, त्यामुळे पक्षकाराने प्रत्येक अक्षर स्वतः पाहावे अशीच पद्धत आहे. कारकुनाने पडदा त्यांच्या बाजूला वळवला आणि वर्ड सुरू केले. मसुदा उघडण्याआधी वर्डने नेहमीप्रमाणे अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी दाखवली, आणि तिच्या तिसऱ्या ओळीत ‘मृत्युपत्र’ या शब्दापुढे त्या गृहस्थांच्या सख्ख्या काकांचे पूर्ण नाव होते.

ती फाइल कोणी उघडली नाही आणि कोणी काही विचारलेही नाही. परंतु गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे सक्तीचे वारस असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते आणि उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने करता येते, त्यामुळे कोणी मृत्युपत्र केले आहे एवढी बातमीसुद्धा घरात बोलाचाली सुरू व्हायला पुरते. पुढच्याच आठवड्यात काकांनी आपले सगळे कागद त्या कचेरीतून परत नेले. त्या दिवसापासून कोणत्याही कचेरीत नवा संगणक बसवताना या यादीकडे मी सर्वांत आधी पाहतो. त्या कामाचा क्रम या लेखात सविस्तर दिला आहे. बहुतेक ठिकाणी विंडोज आणि त्यातील कार्यक्रम इंग्रजीत असतात, म्हणून बटणांची नावे इंग्रजी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या अद्यतनांबरोबर या नावांतले एखाद-दोन शब्द बदलत असतात, तेव्हा नेमके वाक्य सापडले नाही तर ‘रिसेंट’ किंवा ‘जंप लिस्ट्स’ (टास्कबारवरील चिन्हावर उजवे बटण दाबल्यावर उघडणाऱ्या याद्या) हे शब्द ज्या ओळीत असतील ती ओळ शोधावी.

आधी पक्षकाराच्या खुर्चीत बसून पाहावे

कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी पाच मिनिटे पलीकडच्या खुर्चीत बसावे आणि सहकाऱ्याला नेहमीचे काम करायला सांगावे. स्टार्ट मेनू उघडला की खालच्या ‘रेकमेंडेड’ भागात काय दिसते, फाइल एक्स्प्लोरर उघडल्यावर पहिल्याच पानावर कोणती नावे येतात, टास्कबारवरील वर्डच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले की वर कोणती यादी उघडते, वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ वाचक सुरू होताना काय दाखवतात, हे सगळे कागदावर टिपून घ्यावे. या प्रत्येक ठिकाणची यादी वेगळ्या जागी साठवलेली असते आणि एका ठिकाणी बंद केली म्हणून दुसऱ्या ठिकाणी बंद होतेच असे नाही. लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच होतो. विंडोजमधील एक बटण बंद करून ते निर्धास्त होतात आणि वर्डची स्वतःची यादी मात्र जशीच्या तशी राहते.

प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे

ज्या संगणकावर एकापेक्षा अधिक माणसे काम करतात, तेथे प्रत्येकाचे विंडोजमधील खाते वेगळे असणे हाच खरा उपाय आहे आणि बाकीच्या सर्व पायऱ्या त्याच्यानंतर येतात. अलीकडच्या फाइलींची यादी, ब्राउझरचा इतिहास, डेस्कटॉप आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर या सर्व गोष्टी विंडोज खात्यागणिक निराळ्या ठेवते. त्यामुळे सकाळच्या पाळीतील व्यक्तीने काय उघडले हे दुपारच्या पाळीतील व्यक्तीला आपोआप दिसत नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ‘अकाउंट्स’ आणि त्यातील ‘अदर यूझर्स’ येथे जावे, ‘अ‍ॅड अकाउंट’ निवडावे आणि विचारलेली माहिती भरावी. त्या व्यक्तीचा मायक्रोसॉफ्टचा ईमेल वापरायचा नसेल तर साइन-इनची माहिती नसल्याचा पर्याय निवडावा, म्हणजे पुढच्या चौकटीत मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याची सोय मिळते. नवे खाते ‘स्टँडर्ड यूझर’ या प्रकारचेच ठेवावे. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा, कारण तो अधिकार असलेला माणूस दुसऱ्यांच्या खात्यातील फोल्डर उघडू शकतो. प्रत्येकाने आपला पासवर्ड ठेवावा आणि तो पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवू नये. अशा चिठ्ठ्या मला अजूनही जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या कचेरीत दिसतात.

‘मग सर्वांना लागणाऱ्या फाइली कोठे ठेवायच्या’ असा प्रश्न यावर हमखास येतो. त्यासाठी दुसऱ्या ड्राइव्हवर एक सामायिक फोल्डर करावा, त्यात कामाच्या फाइली ठेवाव्यात आणि कोणाला वाचता यावे, कोणाला बदल करता यावेत हे त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ या भागात ठरवावे. फाइली सामायिक राहतात, परंतु कोणी कोणती फाइल केव्हा उघडली याची यादी ज्याच्या त्याच्या खात्यातच राहते. टेबलावरून उठताना विंडोजची कळ आणि एल ही कळ एकत्र दाबण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. पडदा लगेच कुलूपबंद होतो आणि पुढची व्यक्ती आपले खाते निवडून आत जाते.

विंडोजची यादी बंद करणे

वेगळी खाती झाली तरी पक्षकारासमोर पडदा वळवायचा असेल तर यादी झाकावीच लागते, आणि काही कचेऱ्यांत कामाच्या सोयीसाठी एकच खाते ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘पर्सनलायझेशन’, मग ‘स्टार्ट’ या मार्गाने जावे. तेथे स्टार्ट मेनूतील सुचवलेल्या फाइली, फाइल एक्स्प्लोररमधील अलीकडच्या फाइली आणि जंप लिस्ट यांचा एकत्र उल्लेख असलेली ओळ आहे, तिच्यासमोरील बटण बंद करावे. त्याच पानावर अलीकडे बसवलेल्या कार्यक्रमांसाठी वेगळे बटण आहे, त्याचा फाइलींशी संबंध नाही, ते चालू राहिले तरी चालते. विंडोज १० मध्ये मार्ग हाच आहे, फक्त ओळीतील शब्द थोडे निराळे आहेत. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे, त्यामुळे पक्षकारांची कागदपत्रे ज्या संगणकावर आहेत तो शक्य तितक्या लवकर पुढील आवृत्तीवर न्यावा.

हे बटण बंद करताच विंडोजने आतापर्यंत जमवलेली यादी पुसली जाते. नंतर पुन्हा चालू केले तर ती नव्याने भरू लागते, जुनी नावे परत येत नाहीत. मात्र टास्कबारवरील चिन्हाच्या यादीत कोणी एखादी फाइल टाचून, म्हणजे पिन करून ठेवली असेल तर तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. त्या नावावर उजवे बटण दाबून ते टाचण काढावे. मृत्युपत्र, इन्व्हेंटरी म्हणजे मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी, घटस्फोट अशा प्रकरणांच्या फाइली टाचून ठेवण्याची सवय मी अनेक कारकुनांत पाहिली आहे, कारण त्या महिनोन्‌महिने चालतात आणि रोज लागतात.

यानंतर फाइल एक्स्प्लोरर उघडावा. विंडोज ११ मध्ये वरच्या पट्टीतील तीन टिंबांवर, विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ या टॅबवर, ‘ऑप्शन्स’ सापडते. ‘जनरल’ या पहिल्याच पानावर खाली ‘प्रायव्हसी’ असा विभाग आहे. त्यातील अलीकडे वापरलेल्या फाइली आणि वारंवार वापरलेले फोल्डर दाखवण्याच्या दोन्ही खुणा काढाव्यात, ऑफिस डॉट कॉमवरील फाइली दाखवण्याची तिसरी खूण असेल तर तीही काढावी आणि मग ‘क्लिअर’ हे बटण दाबावे. वारंवार वापरलेल्या फोल्डरांची खूण पुष्कळ जण विसरतात, परंतु फोल्डरांना पक्षकारांची नावे दिलेली असतील तर फाइलींइतकीच माहिती तीही उघड करतात. याच पानावर सर्वांत वर, फाइल एक्स्प्लोरर कोठे उघडावा हे विचारलेले असते, तेथे ‘धिस पीसी’ निवडावे. मग पहिल्या पानावर ड्राइव्ह आणि फार तर विंडोजचे नेहमीचे फोल्डर एवढेच दिसतात आणि समोर कोणी बसलेले असले तरी संकोच वाटत नाही.

ज्यांना आतली बाजू स्वतः पाहायची आहे त्यांनी विंडोजची कळ आणि आर दाबून ‘रन’ची चौकट उघडावी, तिच्यात इंग्रजी अक्षरांत शेल, मग विसर्गासारखे चिन्ह म्हणजे कोलन, आणि त्याला जोडून रिसेंट असे टाइप करून एंटर दाबावे. उघडणाऱ्या फोल्डरमध्ये अलीकडच्या फाइलींचे शॉर्टकट असतात. येथील शॉर्टकट पुसले तरी मूळ फाइलीला काही होत नाही, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण पुसण्याच्या भीतीने पुष्कळ लोक या फोल्डरला हात लावत नाहीत. वरील बटण बंद केल्यावर हा फोल्डर एकदा उघडून पाहिला म्हणजे काम झाले की नाही हे लगेच कळते.

वर्ड आणि एक्सेल

वर सांगितलेला अनर्थ वर्डच्या यादीमुळे झाला होता, आणि ही यादी विंडोजच्या बटणाच्या भरवशावर सोडता येत नाही. वर्ड उघडून ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ येथे जावे आणि पान खाली सरकवत ‘डिस्प्ले’ या विभागापर्यंत पोहोचावे. तेथे अलीकडची किती कागदपत्रे दाखवावीत असा आकडा असतो. अलीकडच्या आवृत्त्यांत तो मुळातच ५० असतो, तो शून्य करावा. त्याच्याखाली ‘क्विकली अ‍ॅक्सेस’ने सुरू होणारी ओळ असेल तर तिची खूण काढावी, आणि न टाचलेले अलीकडचे फोल्डर किती दाखवावेत हा आकडाही शून्य करावा. नुसता पहिला आकडा शून्य करून फोल्डरांचा तसाच ठेवला, तर ‘ओपन’च्या पानावर फोल्डरांची नावे दिसत राहतात.

शून्य करण्याआधी यादी रिकामी केलेली बरी. ‘फाइल’मधील ‘ओपन’ येथे यादीतील कोणत्याही नावावर उजवे बटण दाबले की फक्त तेवढे नाव काढण्याचा आणि न टाचलेली सर्व नावे एकदम काढण्याचा, असे दोन पर्याय दिसतात. टाचलेली नावे दुसऱ्या पर्यायाने जात नाहीत, ती एकेक करून काढावी लागतात. ज्यांना यादी हवी आहे परंतु एकच नाव नको आहे, त्यांच्यासाठी पहिला पर्याय पुरेसा आहे.

आणखी एक छोटी मांडणी मला फार उपयोगाची वाटते. ‘ऑप्शन्स’मधील ‘जनरल’ या पानावर शेवटी, कार्यक्रम सुरू होताना स्टार्टचा पडदा दाखवावा का असे विचारलेले असते. ती खूण काढली की वर्ड सुरू होताच थेट कोरा कागद समोर येतो आणि यादी दाखवण्याचा प्रसंगच येत नाही. हे सर्व वर्डमध्ये केले म्हणून एक्सेल किंवा पॉवरपॉइंटमध्ये होत नाही. प्रत्येक कार्यक्रमात पुन्हा करावे लागते आणि वेगळी खाती असतील तर प्रत्येक खात्यातही करावे लागते. एका पतसंस्थेत आम्ही वर्ड पूर्ण आवरले आणि एक्सेल विसरलो, तेव्हा थकबाकीदारांची नावे असलेल्या पत्रकांची यादी दोन दिवस तशीच दिसत राहिली. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून मी यादी करूनच काम करतो.

येथे एक सापळा आहे. कचेरीने ऑफिससाठी मायक्रोसॉफ्टचे एकच खाते घेतले असेल आणि सर्वांनी वर्डमध्ये त्याच खात्याने प्रवेश केला असेल, तर अलीकडच्या फाइलींची यादी त्या खात्याबरोबर सगळीकडे फिरते. विंडोजची खाती वेगळी करूनही वर्डमध्ये एकमेकांची नावे दिसतात, ती यामुळे. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर ठेवलेल्या फाइलींच्या बाबतीत हा अनुभव अधिक येतो. प्रत्येकासाठी ऑफिसचे वेगळे खाते घेणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे, आणि ते शक्य नसेल तर संवेदनशील फाइली त्या मेघसाठ्यावर ठेवू नयेत.

पावसाळ्यात वीज गेल्यानंतर

आपल्याकडे मृग लागला की वीज जाणे-येणे सुरू होते, आणि यादीइतकाच उघडा पडणारा एक भाग नेमका तेव्हा समोर येतो. वर्डमध्ये काम चालू असताना संगणक अचानक बंद पडला, तर पुढच्या वेळी वर्ड सुरू होताच डाव्या बाजूला ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची पट्टी उघडते. त्यात बंद पडताना उघड्या असलेल्या सर्व फाइलींची नावे असतात आणि त्यांवर टिचकी मारली की मजकूरही दिसतो. सकाळी एकाने लिहीत असलेला मसुदा दुपारी दुसऱ्याच्या पक्षकारासमोर असा उघडा पडलेला मी पाहिला आहे. ही सोय बंद करू नये, कारण वर्ड मुळातल्या मांडणीप्रमाणे दर १० मिनिटांनी जी प्रत जपून ठेवते तिच्यामुळेच कितीतरी काम वाचते. त्याऐवजी असा शिरस्ता ठेवावा की वीज आल्यावर जो शेवटी संगणकावर होता त्यानेच वर्ड उघडावे, आपली फाइल सोडवून योग्य जागी जपावी आणि पट्टी बंद करताना ‘या फाइली आता नकोत’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा. ‘नंतर पाहीन’ हा पर्याय निवडला तर पट्टी पुढच्या माणसासमोर पुन्हा येते. वेगळी खाती असतील तर ही पट्टी ज्याच्या त्याच्या खात्यातच उघडते, आणि एक साधा यूपीएस असेल तर हा प्रसंग फारसा येतच नाही.

पीडीएफ, नोटपॅड आणि इतर

जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे, सर्व्हे नकाशे, जुनी विक्रीखते हे सर्व आता पीडीएफच्या रूपात येते, म्हणून अ‍ॅडोबी रीडरकडे दुर्लक्ष करू नये. त्याच्या मुख्य पानावरील ‘रिसेंट’ यादीत ती पुसण्याची सोय आहे, आणि ‘प्रेफरन्सेस’मधील ‘डॉक्युमेंट्स’ या भागात यादीत किती नावे ठेवावीत हा आकडा कमीत कमी करता येतो. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी ‘फाइल’मधील ‘रिसेंट डॉक्युमेंट्स’ येथे शेवटी असलेला ‘क्लिअर लिस्ट’ हा पर्याय निवडावा.

विंडोज ११ मधील नोटपॅड हा अलीकडचा नवा धोका आहे. जुना नोटपॅड बंद केला की विसरून जात असे, नवा मात्र मागच्या वेळी उघडे असलेले सगळे टॅब, न जपलेल्या मजकुरासह, पुन्हा उघडतो. फोनवर बोलता बोलता कोणी आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक त्यात टिपून ठेवला असेल, तर तो पुढच्या माणसासमोर उभा राहतो. नोटपॅडच्या सेटिंग्जमध्ये, सुरू होताना मागचे सत्र चालू ठेवण्याऐवजी नवे सत्र उघडावे असा पर्याय आहे, तो निवडावा. विंडोजची कळ आणि व्ही दाबल्यावर उघडणारा क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर त्यात नक्कल केलेल्या २५ गोष्टींपर्यंतचा मजकूर राहतो. सामायिक खात्यावर तो ‘सिस्टम’मधील ‘क्लिपबोर्ड’ येथे बंद करावा.

हॉटेल आणि गेस्ट हाउसचा टेबल

कळंगुट, कांदोळी, पाळोळे अशा किनाऱ्यावरच्या गावांतील लहान हॉटेलांच्या स्वागतकक्षात एक संगणक तीन पाळ्यांत चालतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने येतात आणि ब्राउझर त्या निमूटपणे ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये टाकतो. नवा पाहुणा टेबलाशी उभा असताना ब्राउझरच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या पाहुण्याच्या पासपोर्टचे नाव दिसत असते. अशा ठिकाणी मी तीन गोष्टी करतो. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘डाउनलोड्स’ येथे, प्रत्येक फाइल कोठे ठेवायची हे आधी विचारावे अशी खूण करतो आणि पासपोर्टांसाठी पासवर्ड असलेल्या खात्यात एक वेगळा फोल्डर नेमून देतो. कंट्रोल आणि जे दाबल्यावर उघडणाऱ्या डाउनलोडच्या पानावरील यादी पुसायला लावतो, आणि त्यामुळे फाइल स्वतः पुसली जात नाही हेही दाखवतो. फोनवरील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ येथून व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर पडण्याची सवय प्रत्येक पाळीच्या शेवटी लावतो. खासगी खिडकी म्हणजे इन्कॉग्निटो वापरली तर इतिहास राहत नाही हे खरे, परंतु तिच्यातून उतरवून घेतलेली फाइल फोल्डरमध्ये राहतेच.

विंडोजच्या प्रो आवृत्तीवर कायमचा नियम

विंडोजची प्रो किंवा त्याहून वरची आवृत्ती असेल तर प्रत्येकाच्या शिस्तीवर विसंबून न राहता नियम घालता येतो. होम आवृत्तीत ही सोय नसते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ‘ग्रुप पॉलिसी एडिटर’ उघडावा, ‘यूझर कॉन्फिगरेशन’मधील ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’ आणि त्यातील ‘स्टार्ट मेनू अँड टास्कबार’ येथे जावे. तेथे अलीकडच्या कागदपत्रांचा इतिहास ठेवूच नये असा एक नियम आहे आणि बाहेर पडताना तो पुसावा असा दुसरा. पहिला चालू करावा. दुसरा व्यवस्थित साइन आउट केल्यावरच चालतो, त्यामुळे वीज गेली किंवा कोणी बटण दाबून संगणक बंद केला तर त्याचा उपयोग होत नाही. पहिला नियम लावण्यापूर्वी जमलेले शॉर्टकट मात्र तसेच राहतात, म्हणून वर सांगितलेला रिसेंट फोल्डर आधी रिकामा करावा. नियम लावल्यानंतरही वर्ड-एक्सेलची मांडणी स्वतंत्रपणे तपासावी.

मॅकवर अ‍ॅपल मेनूतील ‘रिसेंट आयटम्स’ येथे ‘क्लिअर मेनू’ आहे, आणि उबुंटूमध्ये सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी’ विभागात फाइलींचा इतिहास बंद करता येतो व जमलेला पुसता येतो.

फाइलींची नावे

इतके सर्व करूनही नावे डोकावतातच. प्रिंटरच्या रांगेत कागदपत्राचे नाव दिसते, ‘ओपन’ची चौकट शेवटच्या फोल्डरवर उघडते, ईमेलला जोडताना फाइलीचे नाव समोर येते. म्हणून ज्या कचेरीत माझे ऐकले जाते तेथे मी फाइलींना माणसांची नावे देणे थांबवतो. नोंदवहीत प्रत्येक प्रकरणाला वर्ष आणि अनुक्रमांक दिलेला असतोच, तोच फाइलीला द्यावा, उदाहरणार्थ २०२५-११७-मसुदा-२. पक्षकाराचे नाव नोंदवहीत राहते आणि नोंदवही कपाटात. पहिले दोन आठवडे कारकुनांना त्रास होतो, फाइल शोधायला वही उघडावी लागते, परंतु नंतर क्रमांक तोंडपाठ होतात. या एका बदलाने मिळते तेवढी सुरक्षितता वरील कोणत्याही एकट्या बटणाने मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या फाइलींची नावे बदलत बसण्याची गरज नाही, नव्या वर्षापासून सुरुवात केली तरी पुरे.

हा पडदा आहे, कुलूप नव्हे

यादी झाकली म्हणजे फाइल झाकली असे होत नाही. फोल्डर उघडून तारखेप्रमाणे क्रम लावला की अलीकडे कशावर काम झाले ते कोणालाही दिसते, आणि शोधाच्या चौकटीत नाव टाकले तर फाइल सापडतेच. ज्या फाइली दुसऱ्याने पाहताच कामा नयेत, त्यांना वर्डमध्येच ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट डॉक्युमेंट’ या मार्गाने पासवर्ड लावावा आणि तो पासवर्ड वेगळ्या सुरक्षित जागी लिहून ठेवावा, कारण तो हरवला तर मायक्रोसॉफ्टही फाइल उघडून देऊ शकत नाही.

कचेरीचा संगणक कचेरीच्या मालकीचा असतो, म्हणून हे बदल करण्यापूर्वी प्रमुखांची परवानगी घ्यावी. पक्षकार, ग्राहक आणि सहकारी यांच्या नजरेपासून इतरांची माहिती जपणे हा येथे हेतू आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही लोकांची माहिती हाताळणाऱ्यांवर सुरक्षेची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य घातले आहे. आपले काम वरिष्ठांपासून दडवण्यासाठी किंवा चौकशीत लागणाऱ्या नोंदी नाहीशा करण्यासाठी या पायऱ्या वापरू नयेत. याच कारणासाठी एका टिचकीत सर्व काही साफ करून देणारी सॉफ्टवेअरे मी कचेरीच्या संगणकावर बसवत नाही. ती यादीबरोबर पुष्कळदा ठेवण्याजोग्या गोष्टीही पुसून टाकतात.

यादी गेल्याने सोय कमी होते, हेही मान्य केले पाहिजे. ज्याला रोज तेच चार फोल्डर लागतात त्याने, त्यांच्या नावांत माणसांची नावे नसतील तर, ते फाइल एक्स्प्लोररच्या डाव्या पट्टीत टाचून ठेवावेत.

शेवटची तपासणी

सगळे झाल्यावर ‘चाचणी’ या नावाची एक वर्डची, एक एक्सेलची आणि एक पीडीएफ फाइल तयार करावी, ती उघडून बंद करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. मग सुरुवातीला कागदावर टिपलेल्या प्रत्येक ठिकाणी जाऊन ‘चाचणी’ हा शब्द कोठे दिसतो का ते पाहावे, तेही पलीकडच्या खुर्चीत बसून. दिसला तर त्या ठिकाणची पायरी राहिली आहे असे समजावे. विंडोज किंवा ऑफिसचे मोठे अद्यतन आले की काही मांडण्या हलतात, म्हणून तो कागद टेबलाच्या खणात ठेवावा आणि तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करावी. मी तो कागद कारकुनाच्या हातात देतो आणि पुढच्या वेळी पडदा वळवण्याआधी एकदा त्याच्याकडूनच ती तपासणी करून घेतो.